सातव्या दिवशी दुसऱ्या भांड्यात काढलेली बिअर १.०२० वर का अडकते

“ताई, बुडबुडे थांबलेत. आता दुसऱ्यात काढू का?”

माझा मावसभाऊ डॅलसला असतो आणि दर बॅचला सातव्या-आठव्या दिवशी त्याचा हा फोन ठरलेला. पहिल्या दोन वेळा मी “काढ” म्हटलं, कारण मीही तेच करत होते. दोन्ही वेळा बिअर कारबॉयमध्ये, म्हणजे अरुंद मानेच्या मोठ्या बाटलीत, गेली आणि १.०२० वर जी बसली ती हललीच नाही. (हा आकडा पाण्याच्या तुलनेतल्या घनतेचा: पाणी १.०००, साखर जास्त तर आकडा वर, यीस्ट ती खाईल तसा खाली. त्यातला हजारावा भाग म्हणजे पुढे येणारा एक ‘अंक’.) त्याच हिवाळ्यात मिनेसोटात आमच्या तळघरात माझीही एक बॅच नेमकी त्याच आकड्यावर थांबली. तीन बॅचेस, तिन्ही सातव्या दिवशी काढलेल्या, तिन्हींचा आकडा एक. आम्ही दोघांनी सगळा दोष यीस्टवर टाकून मोकळं व्हायचं ठरवलं होतं. मग एका रविवारी फोन चालू ठेवून दोघांच्या वह्या ओळीने वाचल्या, तेव्हा कळलं की तिन्हींची दुखणी वेगवेगळी होती.

पुढचं सगळं साध्या एलबद्दल, म्हणजे खोलीच्या उबेत आंबणाऱ्या बिअरबद्दल, आहे: ५ गॅलन म्हणजे १९ लिटरची बॅच, कोरडं अमेरिकन एल यीस्ट, झाकणाची प्लास्टिकची बादली आणि काचेचा कारबॉय. तापमानं सेल्सिअसमध्ये. आणि कायद्याचं एकदाच सांगून टाकते. अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे घरापुरती बिअर करता येते, एकटा प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त असतील तर २००. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. पुण्याहून विचारणाऱ्या चुलतभावंडांना मी रेसिपी देत नाही, ती यासाठी.

एक-दोन-तीन

एक आठवडा पहिल्या भांड्यात, दोन आठवडे दुसऱ्यात, तीन आठवडे बाटलीत. सुरुवात करताना हा नियम प्रत्येकाच्या कानावर पडतो. सोपा आहे, लक्षात राहतो, आणि नेमका म्हणूनच घात करतो. नागपुरात मे महिन्यात विरजण लावलं तर दुपारपर्यंत दही आंबट होतं. महाबळेश्वरला डिसेंबरात तेच विरजण सकाळी बघावं तर दूधच. आई कधी घड्याळ बघून दही लागलंय का सांगत नाही, भांडं जरा कलतं करून बघते. यीस्टही त्याच जातीचं. २० अंशांना जे काम पाच-सहा दिवसांत उरकतं त्याला १६ अंशांना दोन आठवडे लागू शकतात. कॅलेंडरवर सातवा दिवस दोन्हीकडे सारखाच असतो.

नियमाच्या मागे एक भीतीही आहे. तळाशी यीस्टचा जो साका बसतो त्यावर बिअर राहिली तर यीस्ट मरून फुटतं आणि बिअरला सोया सॉससारखा, जळक्या रबरासारखा वास येतो, ही ती भीती. ही गोष्ट खोटी नाही. पण ती मोठ्या ब्रुअरीच्या उंच टाक्यांमधली आहे, जिथे यीस्टवर कित्येक मीटर बिअरचं वजन असतं आणि साक्याच्या पोटात उष्णता कोंडते. आपल्या बादलीत जेमतेम हातभर उंचीची बिअर असते. साक्यावर तीन-चार आठवडे ठेवलेली बिअर मला अजून एकदाही बिघडलेली मिळालेली नाही. घाईघाईने काढलेल्या मात्र बऱ्याच मिळाल्या.

बुडबुड्यांचं काय करायचं

काही नाही. एअरलॉकचं, म्हणजे झाकणावरच्या पाणी भरलेल्या छोट्या झडपेचं, काम हवा बाहेर ठेवणं एवढंच. बादलीचं झाकण एका कोपऱ्यात नीट बसलं नसेल तर सगळा वायू तिकडून जातो आणि एअरलॉक पहिल्या दिवसापासून गप्प. उलट बाजूने, खोली दोन अंश तापली किंवा बाहेर हवेचा दाब उतरला तरी विरघळलेला वायू सुटतो आणि आंबून झालेली बिअर पुन्हा बुडबुडते. दुसऱ्या भांड्यात काढल्यावर तर हे हमखास होतं, कारण नळीतून जाताना बिअर ढवळली जाते. “काढल्यावर परत सुरू झालं बघ!” असं भाऊ आनंदाने सांगतो तेव्हा बहुतेक वेळा नुसता वायू सुटत असतो.

वरची फेसाची साय खाली बसणं ही त्यातल्या त्यात बरी खूण. साय बसली म्हणजे जोर ओसरला. काम संपलं असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

पहिला १.०२०: जो थांबलाच नव्हता

भावाची पहिली बॅच मिल्क स्टाउटची, म्हणजे गोडसर काळ्या बिअरची. सुरुवात १.०५८, त्यात ४५० ग्रॅम लॅक्टोज. लॅक्टोज ही दुधातली साखर आणि बिअरचं यीस्ट ती खात नाही. १९ लिटरमध्ये ४५० ग्रॅम म्हणजे सात-आठ अंक, ते शेवटपर्यंत तसेच राहणार. उरलेल्या ५० अंकांपैकी यीस्टने तीन चतुर्थांश खाल्ले तर १२-१३ शिल्लक. दोन्ही मिळून किती? वीस-एकवीस. त्याची बिअर जिथे पोचायची तिथे पोचली होती.

त्याने काय केलं, तर घाबरून आणखी एक यीस्टचं पाकीट टाकलं आणि “ऑक्सिजन मिळू दे” म्हणून कारबॉय चांगला हलवला. आंबवण सुरू व्हायच्या आधी वर्टला, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड पाण्याला, ऑक्सिजन लागतो हे खरं, पण तयार बिअरला तो विष. महिन्याभरात स्टाउटला ओल्या पुठ्ठ्याची चव आली.

शेवटचा आकडा काय असणार हे आधी माहीत नसेल तर “अडकली” म्हणायला आधारच नाही. कागदावरचा अंदाज सोपा आहे: सुरुवातीचे अंक घ्या, न आंबणारे बाजूला काढा, उरलेल्याचा पाव ते पाचवा हिस्सा शिल्लक धरा. १.०५२ ची साधी पेल एल १.०१० ते १.०१३ ला थांबते. मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला माल्ट, ६९ अंशांच्या वर गेला असेल किंवा क्रिस्टल माल्ट सढळ हाताने घातला असेल तर आकडा वर राहतो.

पण अंदाजापेक्षा खात्रीचा एक उपाय आहे आणि तो फार कमी लोक करतात. यीस्ट टाकायच्या दिवशी पाव लिटर वर्ट स्वच्छ बरणीत काढून ठेवा. त्यात तेच यीस्ट अर्धा चमचा टाका, म्हणजे गरजेपेक्षा खूपच जास्त. झाकण सैल ठेवून बरणी फ्रिजच्या डोक्यावर किंवा कुठेही २५-२६ अंशांच्या उबेत ठेवा आणि जाता-येता हलवा. दोन-तीन दिवसांत बरणीतलं काम संपतं. तिथे जो आकडा मिळेल तो या वर्टचा तळ. बादलीतली बिअर त्याच्या एक-दोन अंकांच्या आत आली की समजायचं, आली. बरणीतलं पिऊ नका, चव भयंकर असते.

दुसरा १.०२०: मोजणाऱ्याचा

दुसऱ्या वेळी पेल एल होती, १.०५२ ची. मोजायला त्याने नवा रिफ्रॅक्टोमीटर घेतला होता. दोन थेंबांत काम होतं, १५० मिलिलिटर बिअर वाया जात नाही, म्हणून खूश. फक्त ते यंत्र प्रकाश किती वाकतो यावरून साखर सांगतं, आणि अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. आंबवण सुरू झाल्यावर त्याचा आकडा सुधारणेशिवाय वाचायचाच नाही. १.०१२ ला पोचलेली बिअर त्यात १.०२५ च्या आसपास दिसते. याला १.०२० दिसत होतं. म्हणजे बिअर केव्हाच आंबून झाली होती आणि हा सात आठवडे तिची वाट बघत होता, तेही दर दोन दिवसांनी बूच काढून. त्या बॅचमधला हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा) वास गेला आणि रंग चहासारखा झाला.

म्हणून मोजायला साधा हायड्रोमीटर, बिअरमध्ये तरंगून घनता सांगणारी काचेची नळी. त्याच्याही खोड्या आहेत. आत कागदाची पट्टी असते आणि ती धक्क्याने सरकते, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी साध्या पाण्यात तो १.००० दाखवतोय ना बघा. तो कोणत्या तापमानाला बेतलाय ते पट्टीवर लिहिलेलं असतं, जुने बहुतेक १५.६ ला, काही २० ला. १५.६ चा हायड्रोमीटर २५ अंशांच्या बिअरमध्ये दोन अंक कमी दाखवतो. नमुना दोन ग्लासांत चहा फेसाळतात तसा चार-पाच वेळा वर-खाली करून वायू काढून टाका, नाहीतर बुडबुडे काचेला चिकटून त्याला वर उचलतात. मग हायड्रोमीटर आत सोडा, चिमटीत धरून एकदा फिरवा, आणि डोळा पातळीला आणून वाचा. नमुना परत बादलीत ओतू नका. प्या. बिअर कुठवर आली हे जिभेला हायड्रोमीटरइतकंच कळतं, फक्त तिला सराव लागतो. (हायड्रोमीटर एक नको, दोन आणा. मी आजवर चार फोडलेत.)

तिसरा १.०२०: खराच अडकलेला

हा माझा. १.०५२ वरून निघालेली बिअर सातव्या दिवशी १.०२० आणि महिन्याने १.०१९. गोडसर, चिकट, मागून हिरव्या सफरचंदाची चव. ती चव ॲसिटाल्डिहाइडची. यीस्ट आधी ते बनवतं आणि मग त्याचं अल्कोहोल करतं, म्हणजे काम अर्ध्यात सुटल्याची ती पावती.

काय झालं असावं ते वहीतल्या एका ओळीवरून कळलं: “कारबॉय जड, खालीच ठेवला.” बादली घर तापवणाऱ्या भट्टीशेजारच्या टेबलावर होती. कारबॉय मी उघड्या काँक्रीटच्या फरशीवर ठेवला. मिनेसोटातलं जानेवारीतलं तळघर, फरशीवर थर्मामीटर ठेवला तर १३ अंश.

जोरात काम करताना यीस्ट स्वतःची ऊब स्वतः तयार करतं. भर आंबवणीत बिअर खोलीपेक्षा तीन-चार अंश गरम असू शकते. जोर ओसरला की ती ऊब जाते, आणि नेमक्या त्याच वेळी यीस्टकडे सर्वांत चिवट काम उरलेलं असतं. सोप्या साखरा आधी संपतात, मग माल्टोज, आणि माल्टोट्रायोज शेवटी. ॲसिटाल्डिहाइड आणि डायअसेटिलची (लोण्यासारखा वास देणाऱ्या पदार्थाची) साफसफाईही याच वेळची. अशा वेळी मी त्याचे तळाला बसलेले निम्मे-अधिक भाईबंद मागे ठेवले आणि जे तरंगत होते त्यांना थंड फरशीवर नेऊन निजवलं.

आता मी उलटं करते. १.०२० च्या आसपास आली की बादली जागची हलवत नाही, फक्त २०-२१ अंशांपर्यंत ऊब देते. पट्ट्याचा हीटर असेल तर उत्तम, नसेल तर जुनी गोधडी आणि भट्टीशेजारची जागा. शेवटच्या टप्प्यात दोन-तीन अंश वाढवल्याने चव बिघडत नाही, चव बिघडवणारी बहुतेक कामं पहिल्या तीन दिवसांत होऊन गेलेली असतात.

काढून बसलात आणि अडकली तर

आधी ऊब. कारबॉय फरशीवरून उचला, २१ अंशांना आणा, बूच न काढता हलक्या हाताने गोल फिरवून तळाचं यीस्ट वर उठवा आणि आठवडाभर विसरा. माझ्या अनुभवात निम्म्या तरी बॅचेस एवढ्यावर चालू लागतात. नाही लागल्या तर नवं यीस्ट, पण कोरडं वरून भुरभुरून नाही. अल्कोहोल असलेल्या, खाऊन संपलेल्या बिअरमध्ये ते जागंच होत नाही. अर्ध्या लिटर ताज्या वर्टमध्ये ते आधी सुरू करा, वर फेस चढून ऐन जोरात आलं की तसंच्या तसं सोडा.

काहीही झालं तरी “जाऊ दे, भरून टाकू बाटल्यांत” हे करू नका. एक अंक आंबला की बिअरमध्ये साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे लिटरला अर्धा लिटर वायू. नेहमीच्या एलमध्ये अडीच व्हॉल्यूम असतो आणि साध्या बाटलीला तीनच्या फार पुढे नेऊ नये. माझ्या बॅचमध्ये आठ अंक शिल्लक होते. ते बाटलीत जागे झाले असते तर चार, वर बाटलीसाठी घातलेल्या साखरेचे अडीच. साडेसहा व्हॉल्यूमची काचेची बाटली म्हणजे बॉम्ब, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. काचा भिंतीत घुसतात.

मग काढायची कधी

दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे एक आले, आणि तो आकडा बरणीतल्या आकड्याच्या जवळ असला, तर साखरेचं काम संपलं. एक परीक्षा उरते ती लोण्याची. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर घ्या. एक तशीच झाकून ठेवा, दुसरी झाकण लावून ६०-७० अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं. बाहेर काढून गार करा आणि दोन्ही हुंगा. गरम केलेल्या ग्लासाला थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास आला तर डायअसेटिलचा कच्चा माल बिअरमध्ये अजून आहे आणि तो खायला यीस्ट हवंय. आणखी तीन दिवस थांबा. आज न जाणवणारा तो वास बाटलीत दोन महिन्यांनी जाणवतो, तेव्हा इलाज नसतो.

एवढं सगळं जमलं की बिअर काढायला तयार. आणि इथे भावाला माझं उत्तर हल्ली असतं, “तयार आहे ना? मग काढूच नकोस.”

साध्या एलला दुसरं भांडं लागत नाही. निवळायला लागतं असं म्हणतात, पण बिअर बादलीतही तेवढीच निवळते. दोन दिवस फ्रिजमध्ये दोन-तीन अंशांना ठेवली तर आणखी लवकर. वासासाठी शेवटी टाकायचे ड्राय हॉप्स बादलीतच टाकता येतात. उलट काढण्यात तोटा रोकडा आहे. बादलीत बिअरच्या वर तिचाच कार्बन डायऑक्साइड असतो, नव्या भांड्यात नुसती हवा. साडेसहा गॅलनच्या भांड्यात पाच गॅलन बिअर ओतलीत की वर साडेपाच लिटर हवा राहते. आंबवण संपलेलं असल्यामुळे ती बाहेर ढकलायला नवा वायूही नाही. हॉप्स भरपूर असलेली धूसर आयपीए तर चार-पाच दिवसांत करडी पडायला लागते.

दुसरं भांडं मी काढते ते तीन-चार कारणांसाठीच. ओकच्या लाकडावर किंवा ब्रेटवर (सावकाश काम करणाऱ्या एका जंगली यीस्टवर) सहा महिने-वर्ष मुरायला ठेवायची असेल तेव्हा, कारण तेवढा काळ साका खरंच नको. लागर (थंडीत आंबवलेली बिअर) कित्येक आठवडे थंडीत ठेवायची असेल आणि मधल्या काळात बादली दुसऱ्या बॅचला हवी असेल तेव्हा. आणि फळासाठी. एप्रिलमध्ये भारतीय दुकानातून हापूसच्या पल्पचे ८५० ग्रॅमचे तीन डबे आणून मी गव्हाच्या बिअरमध्ये घालते, ते कारबॉयमध्येच. पल्पमध्ये साखर असते, बऱ्याच डब्यांत वरून घातलेलीही, त्यामुळे आंबवण पुन्हा सुरू होते आणि वरची हवा आपसूक बाहेर ढकलली जाते. इथे घाई चालत नाही आणि कडेपर्यंत भरूनही चालत नाही. पहिल्या वर्षी एअरलॉक छताला लागला होता. त्या डागाकडे बघून पाहुणे विचारतात, मी सांगते हळद.

काढायची ठरवलीच तर भांडं अशा आकाराचं घ्या की बिअर मानेपर्यंत येईल. सगळं स्टार सॅनमध्ये (जंतू मारणाऱ्या द्रावणात) बुडवून घ्या, उरलेल्या फेसाची काळजी नको. बादली आदल्या रात्रीच ओट्यावर चढवून ठेवा, ऐन वेळी उचलली तर साका उठतो. नळीचं टोक नव्या भांड्याच्या तळाला टेकलेलं हवं, वरून धार पडता कामा नये. आणि सायफन तोंडाने ओढून सुरू करायची नाही, मोटारसायकलमधून पेट्रोल काढताना जसं करायचो तसं तर मुळीच नाही. तोंडातले जंतू बिअर नासवतात.

काल रात्री भावाचा फोन होता. नववा दिवस, पेल एल, सुरुवात १.०५२. बरणीतला आकडा १.०११, बादलीतला परवा १.०१३, काल १.०१२. लोण्याचा वास नाही म्हणाला, पण त्याला सर्दी झालीये, म्हणून त्या ग्लासांवर माझा विश्वास नाही. आज वहिनीला हुंगायला सांगितलंय. कारबॉय त्याने आधीच धुऊन ओट्यावर ठेवला होता. तो परत ॲटिकमध्ये ठेवायला लावला.